कोरलेलं आणि छापलेलं

खेळण्यातला पैलवान हातात आला की मूल आधी त्याचा चेहरा बघतं, मग दंड. आपण त्याला पालथा घालू. पाठीवर, मांडीमागे किंवा तळपायाखाली बारीक उठावाची अक्षरं सापडतात: कंपनीचं नाव, हक्काचं वर्ष, ज्या देशात तो बनला त्या देशाचं नाव. नख फिरवलं की ती जाणवतात, कारण ज्या पोलादी साच्यात प्लॅस्टिक भरलं त्या साच्यातच ती कोरलेली असतात. आता पैलवान चीत करा. चड्डीवर, गुडघ्याच्या पट्ट्यांवर, बनियनच्या छातीवर रंगीत चिन्हं दिसतील. त्यांच्यावरून नख न अडता सरकतं. पीस साच्यातून निघाल्यावर ती शाईनं छापलेली आहेत.

कोणतं चिन्ह कोरायचं आणि कोणतं छापायचं, हे त्या चिन्हाची मालकी कुणाची आणि किती काळाची यावर ठरतं. साचा वर्षानुवर्षं चालतो, त्यातून लाखो पीस निघतात. प्रायोजकाचा करार दोन-तीन वर्षांचा असतो. खेळणं बनवणारी कंपनी स्वतःचं नाव पोलादात कोरते आणि प्रायोजकाचं नाव शाईवर ठेवते, ते म्हणूनच. करार संपला की छपाईची प्लेट काढून ठेवायची, साच्याला हातही लावायचा नाही. कुस्तीच्या बाहुल्यांवरचे लोगो वाचायला शिकायचं असेल तर सुरुवात इथून करावी.

आणि हे शिकायला पुण्याजवळच्या भोसरी-चाकणइतकी चांगली शाळा मला दुसरी दिसत नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६६ मध्ये टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स. आकुर्डीत बजाज होतीच. १९९९ मध्ये बजाज चाकणला गेली, २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ तिथे उभ्या राहिल्या, पाठोपाठ महिंद्रा. या गाड्यांवर नाव या कंपन्यांचं असतं. पण स्टिअरिंगच्या मधोमध, एसीच्या बटणावर, म्युझिक सिस्टिमच्या पट्टीवर जे काही छापलेलं असतं, ते बहुतेक वेळा व्हेंडरच्या शेडमध्ये छापलं जातं. दुसऱ्याचं चिन्ह तिसऱ्याच्या वस्तूवर अचूक उमटवणं, हा इथल्या कितीतरी माणसांचा रोजचा धंदा आहे.

अशा शेडमध्ये पॅड प्रिंटिंगचं मशीन चालताना बघावं. पोलादाची एक सपाट प्लेट असते. तिच्यात चिन्ह कोरलेलं असतं आणि त्या कोरीव खळग्याची खोली साधारण २५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहून कमी. शाईचा कप प्लेटवरून सरकतो, खळग्यात शाई भरते आणि कपाची धार वरची जास्तीची शाई पुसून नेते. मग सिलिकॉनचा मऊ पॅड खाली येतो, खळग्यातली शाई उचलतो, पुढे सरकतो आणि फिक्श्चरमध्ये बसवलेल्या पीसवर दाबला जातो. पॅड उठतो तेव्हा चिन्ह पीसवर बसलेलं असतं. हे सगळं काही सेकंदांत होतं. मधल्या क्षणात शाईतलं थिनर उडतं, तिचा बाहेरचा थर चिकट होतो आणि म्हणूनच ती पॅडला सोडून प्लॅस्टिकला धरते. उन्हाळ्यात हे थिनर लवकर उडतं, पावसाळ्यात सावकाश. चांगला ऑपरेटर हवा बघून शाईचं प्रमाण बदलतो, आणि ही समज कुठल्या कागदावर लिहिलेली नसते.

पॅड घुमटाकार असतो. तो सपाट असता तर खाली हवा अडकली असती आणि अक्षराच्या मधे भोक पडलं असतं. घुमट आधी मध्यावर टेकतो आणि हवेला बाहेर ढकलत कडेपर्यंत पसरतो. त्याच्या या मऊपणामुळेच गाडीच्या गोल बटणावर आणि पैलवानाच्या फुगीर छातीवर एकाच पद्धतीनं छापता येतं. मात्र पॅड पसरताना चिन्हही थोडं ताणलं जातं. त्यामुळे प्लेटवरचं मूळ चित्र मुद्दाम उलट्या बाजूनं वाकडं काढून ठेवावं लागतं. प्लेटवर विचित्र दिसणारा लोगो छातीवर सरळ बसतो. रंग चार असतील तर प्लेटा चार, पॅड चार, आणि चारही ठसे एकमेकांवर तंतोतंत पडायला हवेत. जरा सरकला की लाल अक्षराला पांढरी कड फुटते आणि पीस रिजेक्शनच्या लाल क्रेटमध्ये जातो.

आता माप बघू. सहा फुटी पैलवानाची बाहुली सहा इंचांची असली, तर प्रमाण बारास एक. खऱ्या पोशाखाच्या छातीवर २४ सेंटिमीटर रुंद लोगो असेल, तर बाहुलीवर तो दोन सेंटिमीटरचा होतो. त्यातली २४ मिलिमीटर उंच अक्षरं दोन मिलिमीटरची होतात. नोंदणीकृत चिन्हाच्या कोपऱ्यात गोलातला ‘आर’ असतो. तो कापडावर तीन मिलिमीटरचा असेल, तर बाहुलीवर त्याच्या वाट्याला पाव मिलिमीटर येतो आणि तिथे शाईचा नुसता ठिपका पडतो. अक्षरांच्या पोटातल्या मोकळ्या जागा शाईनं भरून जातात. मग डिझायनरला रेषा जाड कराव्या लागतात, काही तपशील गाळावे लागतात, आणि असा प्रत्येक बदल चिन्हाच्या मालकाला दाखवून मंजूर करून घ्यावा लागतो. त्यात बाहुलीला सांधे असतात. चड्डीवरचं चिन्ह कमरेच्या किंवा मांडीच्या सांध्यावर आलं तर ते दोन तुकड्यांवर अर्धं-अर्धं छापावं लागतं, आणि मुलानं पाय फिरवला की अक्षरं तुटतात. खऱ्या पैलवानाच्या अंगावर जिथे लोगो होता तिथून तो बाहुलीवर जरा वर किंवा बाजूला सरकलेला दिसला, तर कारण बहुतेक हेच असतं.

या पट्ट्यातल्या टूलरूमच्या माणसाला मालकीची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. त्याच्या शेडमध्ये उभा असलेला साचा पुष्कळदा त्याचा नसतो. पैसे कस्टमरनं दिलेले असतात, साच्यावर कस्टमरच्या मालमत्तेची पट्टी ठोकलेली असते. मशीन व्हेंडरचं, माणसं व्हेंडरची, पण टूल कस्टमरचं. लोगो छापलेला पीस रिजेक्ट झाला तर तो तसाच भंगारात देता येत नाही, आधी मोडावा किंवा दळावा लागतो. नाहीतर तो बाजारात ‘ओरिजिनल’ म्हणून फिरतो. खेळण्यांच्या धंद्यातही हेच चालतं. १९८७ मध्ये एमआरएफ आणि अमेरिकेची हॅस्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल उभी राहिली आणि गोव्यातल्या कारखान्याची खेळणी आपल्याकडच्या दुकानांत आली, तेव्हा जी. आय. जोचे सैनिक हॅस्ब्रोच्या परवान्यावरच इथे बनले.

कुस्तीच्या बाहुल्यांचा मोठा बाजार अमेरिकेत तयार झाला. तिथल्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या पैलवानांच्या बाहुल्या १९८४ पासून एलजेएन या कंपनीनं भरीव रबरात काढल्या. १९९० मध्ये हॅस्ब्रोनं साडेचार इंची प्लॅस्टिकच्या काढल्या. पुढे जॅक्स पॅसिफिककडे परवाना गेला आणि २०१० पासून तो मॅटेलकडे आहे. पैलवान तेच, परवाना मात्र चार घरं फिरला.

या प्रवासात लोगोनं सगळ्यात मोठा हिसका दिला तो २००२ मध्ये. ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ ही तीन अक्षरं पांडाचं चिन्ह असलेल्या निसर्गरक्षण संस्थेचीही होती. दोघांमध्ये १९९४ मध्ये करार झाला होता की कुस्तीवाल्यांनी ही अक्षरं मर्यादित प्रमाणातच वापरावीत. तो मोडल्याचा दावा संस्थेनं लंडनच्या न्यायालयात केला आणि जिंकला. अपीलही कुस्तीवाल्यांच्या विरोधात गेलं. मे २००२ मध्ये कंपनीनं नाव बदलून ‘डब्ल्यूडब्ल्यूई’ केलं. टीव्हीवरच्या जुन्या लढती दाखवताना कितीतरी वर्षं तो लोगो धूसर करून दाखवावा लागला. खेळण्यांच्या बाजूनं हा प्रसंग बघा. चड्डीवर किंवा शर्टवर छापलेलं चिन्ह नवी प्लेट लावून बदलता येतं. पण पट्ट्याच्या तबकडीवर, रिंगच्या खांबावर जे उठावात असेल ते बदलायला साचाच उघडून नवा भाग बसवावा लागतो. आपल्याकडे मात्र पिंपरीपासून परभणीपर्यंत नव्वदीत वाढलेली पिढी अजूनही ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’च म्हणते. ट्रम्प कार्डांवर वाचलेली ती अक्षरं लंडनच्या कोर्टाला पुसता आली नाहीत.

त्याहून चकित करणारी हकीकत हल्क होगनची. ‘हल्क’ हे नाव मार्व्हल कॉमिक्सच्या हिरव्या राक्षसाचं. त्यामुळे १९८०च्या दशकात कुस्ती कंपनीला मार्व्हलशी करार करावा लागला आणि होगनच्या वस्तूंच्या विक्रीतला वाटा मार्व्हलला द्यावा लागला. त्याच्या खेळण्यांच्या पुठ्ठ्यावर बारीक ओळीत लिहिलेलं असे की हे नाव मार्व्हलचं ट्रेडमार्क आहे. लाखो मुलं ज्या नावानं ओरडत होती ते नाव त्या माणसाचं नव्हतं.

यापेक्षा गुंतागुंतीचा प्रश्न तिसऱ्याच कंपनीच्या लोगोचा. ब्रॉक लेस्नर २०१२ मध्ये रिंगमध्ये परतला तेव्हा त्याच्या चड्डीवर जिमी जॉन्स या सँडविचच्या दुकानसाखळीचं नाव झळकत होतं. बाहुलीचा परवाना कुस्ती कंपनीकडून मिळतो. सँडविचवाल्यांचं नाव त्या परवान्यात येत नाही, त्यांच्याशी वेगळं बोलावं लागतं. छापलं तर तिसरा करार, न छापलं तर टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलेली चड्डी बाहुलीवर कोरी. बाहुल्या जमवणारी माणसं अशा कोऱ्या चड्डीवर नाराज होतात, आणि मला त्यांचं पटतं. त्यांना त्या रात्रीचा पैलवान हवा असतो.

मग प्रश्न येतो: खरी वस्तू जशी आहे तशी छोटी करून दाखवण्यासाठीही परवानगी लागते का? यावरचा सर्वांत गाजलेला निकाल मोटारीचा आहे. ऑटेक या जर्मन कंपनीनं ओपेल अ‍ॅस्ट्राची रिमोटवर चालणारी छोटी गाडी काढली आणि तिच्या ग्रिलवर ओपेलचं विजेचं चिन्ह जसंच्या तसं बसवलं. ओपेलनं आपलं चिन्ह गाड्यांबरोबर खेळण्यांसाठीही नोंदवलेलं होतं. २००४ मध्ये हे लक्षात आल्यावर त्यांनी दावा लावला. २५ जानेवारी २००७ रोजी युरोपीय न्यायालयानं सांगितलं की गिऱ्हाईक त्या खेळण्यावरचं चिन्ह पाहून ‘हे खेळणं ओपेलनंच काढलं’ असं समजतं का, हे जर्मन न्यायालयानं तपासावं. गिऱ्हाईक तसं समजत नाही, त्याला ती खऱ्या गाडीची हुबेहूब नक्कल वाटते, असं ठरलं आणि जानेवारी २०१० मध्ये ओपेलचा दावा कायमचा फेटाळला गेला. तेव्हा ओपेल जनरल मोटर्सची होती, आणि हा खटला तिथे चालू असतानाच, २००८ मध्ये, जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना सुरू झाला.

भारतात हा निकाल बंधनकारक नाही. आपल्याकडे ट्रेडमार्क कायदा १९९९ चालतो. वस्तूंचे वर्ग पाडलेले आहेत: वाहनं बाराव्या वर्गात, खेळणी अठ्ठाविसाव्या. एखाद्या कंपनीनं आपलं नाव फक्त बाराव्या वर्गात नोंदवलं असलं तरी, ते नाव भारतात नावाजलेलं असेल तर कलम २९ (४) खाली ती खेळणीवाल्यालाही हरकत घेऊ शकते. चाकणच्या कुठल्याही मोठ्या गाडीकंपनीचा लोगो ‘खरं तेच दाखवतोय’ म्हणून बाहुलीवर छापणं म्हणजे उगाच अंगावर कोर्टकचेरी ओढवून घेणं. रीतसर लिहून परवानगी घ्यावी.

आणि चाकण-पिंपरीच्या गाड्यांचे लोगो आपल्या कुस्तीत खरोखरच आले. २०१८ मध्ये टाटा मोटर्स भारतीय कुस्ती महासंघाची मुख्य प्रायोजक झाली. इतक्या मोठ्या कंपनीनं महासंघाच्या पाठीशी असं उभं राहण्याची ती पहिलीच वेळ. २०२१ मध्ये करार वाढवला गेला. त्या काळातल्या भारतीय पैलवानाची बाहुली करायची म्हटली तर आधी ठरवावं लागेल की ती कोणत्या स्पर्धेतली. ऑलिंपिकमध्ये प्रायोजकांच्या नावांना पोशाखावर जागा नसते, फक्त कपडे बनवणाऱ्याचं छोटं चिन्ह चालतं. त्यामुळे टोकियोत रौप्य जिंकणारा रवी दहिया आणि ब्राँझ जिंकणारा बजरंग पुनिया यांची ऑलिंपिकची बाहुली वेगळी आणि प्रायोजकाच्या स्पर्धेतली वेगळी. त्याच टोकियोनंतर, ऑगस्ट २०२१ मध्ये, महासंघानं विनेश फोगटला निलंबित केलं. त्यामागच्या कारणांत एक हेही होतं की तिनं भारतीय संघाच्या पोशाख-प्रायोजकाची, म्हणजे शिव नरेशची सिंगलेट न घालता नायकेची घातली. छातीवरचं एवढंसं चिन्ह माणसाच्या कारकिर्दीशी किती घट्ट बांधलेलं असतं ते इथे दिसतं. तिची बाहुली करणाऱ्यानं तिथे काय छापावं? माझं मत स्पष्ट आहे: ती मॅटवर जे घालून उतरली तेच. त्यासाठी लागेल ती परवानगी मिळवावी, आणि नाही मिळाली तर दुसरी लढत निवडावी. खोटं चिन्ह लावू नये.

लाल मातीवर हा प्रश्नच नव्हता. लंगोटावर छापायला जागा किती! खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले तेव्हा त्यांच्या गावच्या, गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. तेच त्यांचे प्रायोजक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणाऱ्या त्या अंगावर यांपैकी कुणाचंही नाव नव्हतं. महाराष्ट्र केसरीतही मान होता तो गदेचा. पुढे बक्षिसांत गाड्या आल्या. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत शिवराज राक्षेला गदेबरोबर पाच लाख रुपये आणि महिंद्राची थार मिळाली, उपविजेत्या महेंद्र गायकवाडला ट्रॅक्टर. शिवराज खेड तालुक्यातल्या राक्षेवाडीचा, आणि चाकण खेड तालुक्यातच. ज्या तालुक्याच्या जमिनीवर गाड्यांचे कारखाने उभे राहिले, त्याच तालुक्याच्या पैलवानानं गाडी जिंकून आणली.

अशी एक बाहुली इथल्याच टूलरूममध्ये व्हावी असं मला मनापासून वाटतं. लाल मातीत माखलेले पाय, खांद्यावर चांदीची गदा. कसब सगळं इथे आहे: इलेक्ट्रोडनं पोलाद कोरणारे, साचा पॉलिश करणारे, शाईची हवा ओळखणारे. पैलवानाची लेखी संमती आणि त्याचा विक्रीतला वाटा आधी. त्याचं आणि गावाचं नाव साच्यात कोरायचं, कारण ते तीन वर्षांनी संपणार नाही. प्रायोजक आला तर त्याचं नाव शाईनं.

गाड्यांच्या कामातली एक सवय मात्र इथे सोडावी लागेल: उरलेली शाई वापरण्याची. गाडीच्या बटणावर छापताना शाई घट्ट बसली का ते पाहतात: ब्लेडनं चौकटी चिरायच्या, वर चिकटपट्टी दाबून ओढायची, शाई निघाली तर लॉट अडकला. पॉलिप्रॉपिलीनवर शाई मुळातच धरत नाही, म्हणून आधी ज्योत फिरवून घेतात. बाहुलीला हे सगळं लागतंच, शिवाय ती मुलाच्या तोंडात जाते. १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, देशी असो वा आयात. आयएस ९८७३ या मानकाच्या तिसऱ्या भागात शिसं, कॅडमियम, पारा, आर्सेनिक यांसह आठ मूलद्रव्यांना मर्यादा घातल्या आहेत. खेळण्याच्या लेपातून सुटून येणारं शिसं किलोला ९० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. ही मर्यादा लोगोच्या शाईलाही लागू. मऊ पीव्हीसीत घातल्या जाणाऱ्या थॅलेट्ससाठी त्याच मानकात वेगळा भाग आहे. त्यामुळे गाडीच्या जॉबची उरलेली शाई, तोच कप, तेच थिनर बाहुलीला वापरता येणार नाही. शाई वेगळी मागवायची, तिचं प्रमाणपत्र फाइलला लावायचं, आणि नमुने प्रयोगशाळेतून पास होऊन आले की मगच मशीन पूर्ण शिफ्टला लावायचं.